भूगोलाला मान मिळवून देणारे मॅकिंडर

नद्या, भूशिरे आणि राजधान्यांची नावे घोकणे म्हणजे भूगोल, हीच एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमधील बहुतेक शाळांची समजूत होती. तिला धक्का दिला हॅलफर्ड मॅकिंडर यांनी. १८६१ मध्ये गेन्सबरो येथे जन्मलेल्या, प्राणिशास्त्र आणि इतिहास शिकलेल्या या डॉक्टरपुत्राने १८८७ च्या जानेवारीत लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीपुढे निबंध वाचला. निसर्ग आणि मानव यांची सांगड घालणे हेच भूगोलाचे काम, असे त्यांचे प्रतिपादन होते.

त्याच वर्षी ऑक्सफर्डमध्ये त्यांची नेमणूक झाली. पहिल्या व्याख्यानाला श्रोते अवघे तीन! दोन स्त्रिया विणकाम घेऊन आलेल्या. तिसरे प्राध्यापक, प्रवासमार्गदर्शिका वाचून स्वित्झर्लंड कळल्याचे सांगणारे. मॅकिंडर खचले नाहीत. १८९३ मध्ये शाळाशिक्षकांसमवेत त्यांनी जिऑग्राफिकल असोसिएशन स्थापन केली, तर १८९९ मध्ये ऑक्सफर्डला भूगोलाचा स्वतंत्र विभाग उभा राहिला. त्याच वर्षी त्यांनी माउंट केनिया सर केला.

कीर्ती मात्र मिळाली ती १९०४ मधील युरेशियाच्या अंतर्भागाविषयीच्या सिद्धांतामुळे. ते कट्टर साम्राज्यवादी होते आणि त्यांच्या शालेय भूगोलावरही त्याची छाया होती, हे नाकारता येत नाही. १९४७ मध्ये ते निवर्तले. चार वर्षांनी इंग्लंडमध्ये ए-लेव्हल परीक्षा सुरू झाली, तेव्हा तिच्या विषयांत भूगोल होता.