आडनांवाचें झालें नांव

सुपें परगणा शहाजी राजांच्या जहागिरींत होता, हें आमच्या विद्यार्थ्यांस सांगावयास नको. परंतु शहाजी हें नांव कोठून आलें, हें थोड्यांसच ठाऊक असेल. अहमदनगरच्या शाह शरीफ नामक अवलियास मालोजी राजांनीं नवस केला व पुढें झालेल्या दोन पुत्रांचीं नांवें शहाजी आणि शरीफजी ठेविलीं, असें बखरकार सांगतात. एका सत्पुरुषाचें नांव असें दुसऱ्याच्या घरीं पाळण्यांत जातें. ख्रिस्ती कुटुंबांत आढळणारें कॅल्व्हिन हें नांवही याच जातीचें. मात्र तें मुळांत एका फ्रेंच घराण्याचें आडनांव होय.

तें मूळ आडनांव कोव्हँ. टक्कल असलेला मनुष्य, या अर्थाच्या शब्दाशीं त्याचें नातें आहे. या घराण्यांत १० जुलै १५०९ रोजीं उत्तर फ्रान्समधील न्वायाँ गांवीं झां याचा जन्म झाला. पित्याच्या इच्छेस मान देऊन त्यानें कायद्याचा अभ्यास केला. त्या काळचे विद्वान लॅटिन भाषेंत ग्रंथ लिहीत व आपल्या नांवासही लॅटिन रूप देत. त्या रीतीप्रमाणें कोव्हँचें काल्व्हिनुस झालें व त्यावरून कॅल्व्हिन हें रूप रूढ झालें.

धर्मसुधारणेचा पक्ष घेतल्यामुळें त्यास स्वदेश सोडावा लागला. १५३६ सालीं बाझल शहरीं त्याचा ख्रिस्ती धर्मतत्त्वांवरील प्रसिद्ध ग्रंथ निघाला. त्याच वर्षीं तो एका रात्रीपुरता जिनीव्हांत उतरला असतां फारेल नामक उपदेशकानें त्यास आग्रहानें ठेवून घेतलें. १५३८ सालीं नगरसभेनें त्यास हांकलून दिलें. १५४१ सालीं तिनेंच परत बोलाविलें. १५५९ सालीं त्यानें तेथें विद्यापीठ स्थापिलें.

या थोर पुरुषाच्या चरित्रास एक डागही आहे, आणि तो आम्ही झांकणार नाहीं. मतभेदाबद्दल सर्व्हेटस या स्पॅनिश वैद्यास १५५३ सालीं जिनीव्हांत जिवंत जाळण्यांत आलें. त्यास पकडविण्यांत कॅल्व्हिनचा हात होता व देहान्ताची शिक्षाही त्यास मान्य होती.

२७ मे १५६४ रोजीं कॅल्व्हिन वारला. त्याच्या इच्छेप्रमाणें थडग्यावर नांव कोरलें नाहीं. तरी पुढें स्कॉटलंड व अमेरिका येथील त्याच्या अनुयायांनीं तेंच आडनांव आपल्या मुलांस ठेविलें. १९२३ ते १९२९ पर्यंत अमेरिकेचे अध्यक्ष असलेले कॅल्व्हिन कूलिज यांचें नांव सर्वांस परिचित आहे. मिशनांबरोबर हें नांव आपल्या देशांतही आलें.

१९०३ सालीं कॅल्व्हिनच्याच अनुयायांनीं जिनीव्हांत एक शिळा उभारली. ती त्याच्या गौरवार्थ नव्हे, तर सर्व्हेटसच्या स्मरणार्थ व आपल्या गुरूची चूक कबूल करण्यासाठीं. ज्याचें नांव धारण करावें, त्याची विद्या व चिकाटी घ्यावी, आणि त्याची चूक विसरूं नये. आमच्या मतें नांवाचा मान राखणें तें हेंच.