आल्फ्रेड स्टॉक: बोरॉन आणि पारा

गौलीगुड्यातल्या आपल्या घरांना बोरॉन अनोळखी नाही. कॅरमवर भुरभुरतो ती बोरिक पावडर आणि सोनार दागिन्याचा सांधा जोडताना वापरतो तो टाकणखार, दोन्ही बोरॉनचीच संयुगे. कारखान्यात बोरिक आम्ल अमोनिया किंवा युरियाबरोबर खूप तापवून बोरॉन नायट्राइड करतात. ते ग्रॅफाइटसारखे बुळबुळीत असते, पण पांढरे आणि वीज वाहू न देणारे. त्याचा अगदी पातळ, शुद्ध थर हवा असेल तर मात्र बोरॅझिनसारखा पदार्थ घ्यावा लागतो. हे बोरॅझिन प्रथम तयार करणाऱ्या आल्फ्रेड स्टॉक यांची आज ओळख करून घेऊ.

स्टॉक यांचा जन्म १८७६ चा, डान्झिगचा. हे शहर आता पोलंडमध्ये आहे. बर्लिनला शिक्षण झाले, मग पॅरिसमध्ये म्वासाँ यांच्या हाताखाली त्यांनी काम केले. १९०९ मध्ये ब्रेस्लाउला गेल्यावर त्यांनी बोरॉन-हायड्रोजनची संयुगे हाती घेतली. यांतली काही हवा लागताच पेटतात, शिवाय काचेच्या तोट्यांना लावलेल्या ग्रीसलाही सोडत नाहीत. तेव्हा स्टॉक यांनी तशा तोट्याच काढून टाकल्या आणि निर्वात नळ्यांमध्ये पाऱ्याच्या झडपा बसवल्या. पारा चढला की वाट बंद, उतरला की मोकळी. डायबोरेन आणि अमोनिया तापवून १९२६ मध्ये त्यांनी एरिख पोहलांड यांच्यासह बोरॅझिन मिळवले. तीन बोरॉन, तीन नायट्रोजन एकाआड एक गुंफलेले कडे. तापवत नेले की हायड्रोजन निघून जातो, कडी एकमेकांत गुंततात आणि बोरॉन नायट्राइड उरते.

पण प्रयोगशाळेच्या हवेत वर्षानुवर्षे पाऱ्याची वाफ होती. डोके दुखे, चक्कर येई, ऐकू कमी येऊ लागले, नावे आठवेनात. कारण कळायला फार वर्षे गेली. कळल्यावर, त्याच १९२६ साली, त्यांनी स्वतःची लक्षणे छापून इतरांना सावध केले आणि हवेतला अत्यल्प पारा मोजण्याच्या रीती बसवल्या. स्मरणशक्तीवर जगणाऱ्या प्राध्यापकाने ती जात असल्याचे जगाला सांगावे, हे आम्हाला बोरॅझिनपेक्षाही मोठे वाटते. (घरात जुना पाऱ्याचा थर्मामीटर फुटला तर झाडू लावू नका, खिडक्या उघडा आणि मुलांना दूर ठेवा.)

एक गोष्ट झाकून चालणार नाही: स्टॉक नाझी पक्षाचे सभासद होते. कार्ल्सरूहची प्राध्यापकी त्यांनी १९३६ मध्ये सोडली, आणि ऑगस्ट १९४६ मध्ये एल्बकाठच्या आकेन गावी ते वारले.