मेलबर्न गाजविणारे नेव्हिल डिसूझा

डर्बी सामन्यात मोठा विजय मिळाला, की त्या शहरात दोन-चार दिवस दुसरा विषय निघत नाही. मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या लढतीनंतर कोलकात्यात हेच चित्र दिसते. मँचेस्टर आणि माद्रिदमध्येही याहून वेगळे नसते. आता जळगाव-धुळ्यातील तरुणही या लढती पाहतात आणि पुढच्या साखळी सामन्याचे अंदाज बांधतात. विजयाचा गुलाल अंगावर असतानाच पुढचा सामना येऊन ठेपतो आणि संघाची खरी परीक्षा तेथे होते. भारतीय फुटबॉलने अशी सर्वांत मोठी परीक्षा दिली ती १९५६ च्या डिसेंबरात, मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये. त्या दिवसांचे नायक होते मुंबईचे आघाडीपटू नेव्हिल डिसूझा.

डिसूझा यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९३२ रोजी गोव्यातील बारदेश तालुक्यातल्या आसगाव येथे झाला. त्या वेळी गोवा पोर्तुगीजांच्या अमलाखाली होता. शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी असंख्य गोमंतकीय कुटुंबे मुंबईची वाट धरीत. त्यांच्याबरोबर संगीत आले, तसे फुटबॉलचे वेडही आले. गिरण्या, गोदी, रेल्वे, बँका आणि मोठ्या कंपन्या यांचे संघ मुंबईत होते. चांगल्या खेळाडूस नोकरी देऊन आपल्या संघात घ्यावयाचे, अशी तेव्हाची रीत होती. फुटबॉलवर संसार चालत नसे; नोकरी सांभाळून संध्याकाळी मैदान गाठावे लागे. डिसूझा याच वातावरणात घडले. त्यांचे बंधू डेरेक हेही नावाजलेले फुटबॉलपटू होते.

मुंबईच्या फुटबॉलची पंढरी म्हणजे कूपरेजचे मैदान. हार्वुड लीगचे सामने आणि १८९१ पासून चालत आलेली रोव्हर्स चषक स्पर्धा यांमुळे या मैदानाला देशभर मान होता. रोव्हर्ससाठी कोलकात्याचे नामवंत संघ मुंबईस येत. रेल्वेने निघालेल्या या संघांची वाट भुसावळ, जळगाव, चाळीसगाव अशी खानदेशातूनच जात असे. टाटा स्पोर्ट्‌स क्लबच्या आघाडीच्या फळीत डिसूझा यांचे नाव झाले ते याच कूपरेजवर. १९५४ मध्ये मुंबईने राष्ट्रीय स्पर्धेचा संतोष करंडक प्रथमच जिंकला. मुंबईच्या फुटबॉलचा तो बहराचा काळ होता आणि डिसूझा यांच्या उमेदीचाही.

याच वर्षांत कूपरेजवर हैदराबाद सिटी पोलीस संघाचे राज्य होते. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे या संघाने रोव्हर्स चषक जिंकला. त्यांचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम. पेशाने शिक्षक असलेले रहीम शिस्तीचे कडक आणि विचाराने आधुनिक होते. मेलबर्नच्या ऑलिम्पिकसाठी भारतीय संघाची सूत्रे त्यांच्याकडे होती आणि त्यांच्या संघात डिसूझा यांना स्थान मिळाले.

या संघाच्या पाठीवर एक ओझे होते. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडविला होता. त्या वेळी बहुतेक भारतीय खेळाडू अनवाणी खेळले होते. त्या पराभवानंतर भारतीय फुटबॉलमध्ये बूट आले, सरावाची पद्धत बदलली, डावपेचांचा विचार होऊ लागला. समर ऊर्फ बद्रू बॅनर्जी यांच्या नेतृत्वाखाली मेलबर्नला गेलेला संघ या बदलातून तयार झाला होता. गोलरक्षक पीटर थंगराज, कोवळ्या वयाचे पी. के. बॅनर्जी, तुळशीदास बलराम, निखिल नंदी, केम्पय्या, नूर महंमद अशी मंडळी त्यात होती. बंगाल, हैदराबाद, म्हैसूर, मद्रास आणि मुंबई येथील खेळाडूंना एका सूत्रात ओवण्याचे काम रहीम यांनी केले.

त्या वर्षी जगात मोठी उलथापालथ चालली होती. हंगेरीतील उठाव सोव्हिएत रणगाड्यांनी चिरडला. सुएझ कालव्यावरून युद्ध पेटले. त्याचे पडसाद ऑलिम्पिकवर उमटले. भारताची पहिली लढत ज्या हंगेरीशी व्हावयाची होती, त्या देशाचा फुटबॉल संघ स्पर्धेत उतरलाच नाही. भारताला पुढे चाल मिळाली आणि उपांत्यपूर्व फेरीत गाठ पडली ती यजमान ऑस्ट्रेलियाशी. इकडे भारतात १ नोव्हेंबर रोजी द्विभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले होते आणि संयुक्त महाराष्ट्राची चळवळ धगधगत होती. आजचे जळगाव आणि धुळे जिल्हे तेव्हा पूर्व आणि पश्चिम खानदेश या नावांनी त्याच राज्यात होते.

१ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्नच्या ऑलिम्पिक पार्क मैदानावर हा सामना झाला. नवव्या मिनिटाला डिसूझा यांनी भारताचे खाते उघडले. सतराव्या मिनिटाला ब्रूस मॉरो यांनी ऑस्ट्रेलियाला बरोबरी साधून दिली. तेहतिसाव्या मिनिटाला डिसूझा यांनी पुन्हा आघाडी मिळविली. मध्यंतरास चार मिनिटे असताना मॉरो यांनी पुन्हा बरोबरी केली. यजमान संघ, यजमान प्रेक्षक आणि २-२ असा गोलफलक. अशा वेळी पाहुण्या संघाचे अवसान गळण्याचा संभव असतो. पण मध्यंतरानंतर पाचच मिनिटांत, पन्नासाव्या मिनिटाला, डिसूझा यांनी तिसरा गोल केला. ऐंशीव्या मिनिटाला कृष्णस्वामी ऊर्फ किट्टू यांनी चौथा गोल करून ४-२ असा विजय निश्चित केला.

ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅट्‌ट्रिक करणारे डिसूझा हे पहिले आशियाई खेळाडू ठरले आणि उपांत्य फेरी गाठणारा भारत हा पहिला आशियाई देश ठरला. हा विजय नशिबाचा होता काय, असा प्रश्न कोणाच्या मनात आला असेल, तर त्याचे उत्तरही लवकरच मिळाले. ऑलिम्पिकनंतर १२ डिसेंबर रोजी सिडनी येथे झालेल्या मैत्रीपूर्ण सामन्यात भारताने ऑस्ट्रेलियाला ७-१ असे नमविले.

उपांत्य सामना ४ डिसेंबरला होता. प्रतिस्पर्धी होता तोच युगोस्लाव्हिया. मागील दोन ऑलिम्पिकमध्ये रौप्यपदक मिळविणाऱ्या या संघाने उपांत्यपूर्व फेरीत अमेरिकेला ९-१ असे चिरडले होते. विजयाचा आनंद साजरा करण्यास वेळ नव्हता आणि हेलसिंकीची आठवण पुसली गेलेली नव्हती. कागदावर पाहता ही लढत एकतर्फीच व्हावयास हवी होती.

प्रत्यक्षात मेलबर्न क्रिकेट मैदानावर पहिल्या अर्धात युगोस्लाव्हियाला एकही गोल करता आला नाही. मध्यंतराला ०-० अशी बरोबरी होती. बावन्नाव्या मिनिटाला तर डिसूझा यांनी भारताला आघाडीच मिळवून दिली. चार वर्षांपूर्वी ज्या संघाकडून दहा गोल स्वीकारले, त्याच्याविरुद्ध भारत १-० असा पुढे होता आणि ऑलिम्पिकचे रौप्यपदक एका विजयाच्या अंतरावर आले होते. ही आघाडी दोन मिनिटे टिकली. चोपन्नाव्या मिनिटाला पापेच यांनी बरोबरी साधली, तीन मिनिटांनी वेसेलिनोविच यांनी युगोस्लाव्हियाला पुढे नेले आणि पासष्टाव्या मिनिटाला पापेच यांनी आणखी एक गोल केला. अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला भारताकडून स्वयंगोल झाला आणि सामना ४-१ असा हातचा गेला. तीन दिवसांनी, ७ डिसेंबरला, कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाने भारताला ३-० असे हरविले. भारत चौथ्या स्थानावर राहिला.

युगोस्लाव्हियाने सामना जिंकला, तरी १०-१ ते ४-१ हा प्रवास भारतीय फुटबॉलची चार वर्षांतील प्रगती सांगतो. त्या स्पर्धेत सर्वाधिक प्रत्येकी चार गोल तिघांनी केले : युगोस्लाव्हियाचे वेसेलिनोविच, बल्गेरियाचे मिलानोव आणि भारताचे डिसूझा. पहिल्या दोघांचे देश पदक घेऊन परतले. डिसूझा यांच्या हाती पदक आले नाही. मात्र भारताने मेलबर्नमध्ये केलेल्या पाच गोलांपैकी चार त्यांचे होते.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ज्या आसगावात डिसूझा जन्मले, ते गाव १९५६ मध्ये भारतात नव्हते. गोवामुक्तीचा लढा ऐन भरात होता. १९५५ च्या ऑगस्टमध्ये सत्याग्रहींवर गोळीबार झाल्यानंतर भारताने गोव्याची नाकेबंदी केली होती आणि सीमेच्या अलीकडची व पलीकडची कुटुंबे एकमेकांपासून तुटली होती. अशा काळात गोव्याच्या या सुपुत्राने भारताचा पोशाख अंगावर चढवून इतिहास घडविला. गोवा मुक्त झाला तो त्यानंतर पाच वर्षांनी, १९ डिसेंबर १९६१ रोजी.

मेलबर्ननंतर डिसूझा यांचा मुंबईतील खेळ चालूच राहिला. पुढे ते कॅलटेक्स या तेल कंपनीच्या संघाकडून खेळले. १९५८ मध्ये कॅलटेक्सने रोव्हर्स चषक जिंकला. हैदराबाद आणि कोलकात्याचे संघ वर्षानुवर्षे घेऊन जात असलेला चषक मुंबईतच राहिला, याचे शहराला मोठे अप्रूप होते. राष्ट्रीय संघात मात्र नवी फळी उभी राहिली. १९६२ मध्ये रहीम यांच्याच मार्गदर्शनाखाली भारताने जकार्ता येथे आशियाई सुवर्णपदक पटकाविले, तेव्हा संघात पी. के. बॅनर्जी, बलराम आणि चुनी गोस्वामी होते, डिसूझा नव्हते. पुढील वर्षी रहीम यांचे निधन झाले.

अर्जुन पुरस्कार १९६१ साली सुरू झाला. डिसूझा यांची सर्वोच्च कामगिरी त्याआधीची. त्यांना तो सन्मान लाभला नाही. १६ मार्च १९८० रोजी, वयाच्या अवघ्या ४७ व्या वर्षी, त्यांनी जगाचा निरोप घेतला. तोवर भारत ऑलिम्पिक फुटबॉलमधून दिसेनासा झाला होता. १९६० च्या रोम ऑलिम्पिकनंतर भारतीय पुरुष संघाला त्या स्पर्धेची पात्रता पुन्हा मिळविता आलेली नाही.

रहीम यांचे जीवन २०२४ मध्ये ‘मैदान’ या हिंदी चित्रपटाद्वारे नव्या पिढीसमोर आले. डिसूझा यांचे नाव मुंबईत वांद्रे येथील फुटबॉल मैदानाला देण्यात आले आहे. तेथे लीग सामने खेळणाऱ्या मुलांपैकी अनेकांना यश मिळते, तसे पुढच्याच सामन्यात अपयशही पदरी पडते. हॅट्‌ट्रिकनंतर तीनच दिवसांनी, बलाढ्य संघासमोर पुन्हा पहिला गोल करणाऱ्या खेळाडूचे नाव त्या मैदानाला आहे, हे त्यांना कोणीतरी सांगावयास हवे. जळगाव-धुळ्याच्या मैदानांवर फुटबॉलमागे धावणाऱ्या मुलांनाही.