विश्लेषण : तळहातावरची गाठ, वाकलेलं बोट... या आजाराला डुप्युट्रेन यांचं नाव का मिळालं?

तळहातावर, अनामिका किंवा करंगळीच्या खाली टणक गाठ येते. ती कर्करोगाची नसते, सहसा फारशी दुखतही नाही. मात्र काही रुग्णांत पुढे तिथे दोरीसारखा पट्टा तयार होतो आणि बोट आत ओढलं जातं. या आजाराला फ्रेंच सर्जन गियोम डुप्युट्रेन यांचं नाव आहे. तो ओळखणारे ते पहिले नव्हते. मग नाव त्यांचंच का?

कोण होते डुप्युट्रेन?

त्यांचा जन्म ५ ऑक्टोबर १७७७ रोजी लिमोझजवळच्या एका गावात झाला. पॅरिसमध्ये गरिबीत शिकत असतानाच शवविच्छेदनात त्यांचा हात बसला. १८१५ मध्ये ते ओतेल-द्यू रुग्णालयाचे मुख्य सर्जन झाले. पुढे अठरावा लुई आणि दहावा चार्ल्स या राजांवरही त्यांनी उपचार केले. त्यांच्या कौशल्याचं कौतुक होई, पण कठोर स्वभावामुळे सहकाऱ्यांत ते नावडते होते.

शोध नेमका काय?

बोट ओढणारे टेंडन आखडतात, असा तेव्हा अनेकांचा समज होता. डुप्युट्रेन यांनी वाकलेली बोटं असलेल्या एका मृत वृद्धाचा हात तपासला. कातडी काढली, तरी बोटं वाकलेलीच राहिली. कातडीखालचा चिवट पडदा, म्हणजे फॅशिया, कापताच ती सरळ झाली. टेंडन निर्दोष होते.

१२ जून १८३१ रोजी त्यांनी एका मद्यव्यापाऱ्याच्या हातावर हीच शस्त्रक्रिया केली. तेव्हा भूल देण्याची सोय नव्हती.

मग वाद कशाचा?

लंडनच्या हेन्री क्लाइन यांनी १७७७ मध्येच दोष फॅशियाचा असल्याचं ओळखलं होतं. अ‍ॅस्टली कूपर यांनीही १८२२ मध्ये त्यावर लिहिलं. मात्र डुप्युट्रेन यांनी डिसेंबर १८३१ मध्ये भरल्या व्याख्यानात कारण आणि उपाय दोन्ही दाखवले. ते छापूनही आले आणि नाव रूढ झालं.

शेवट कसा झाला?

छातीत द्रव साचल्यानं ते आजारी पडले. स्वतःवर शस्त्रक्रिया करून घ्यायला त्यांनी नकार दिल्याचं सांगितलं जातं. ८ फेब्रुवारी १८३५ रोजी त्यांचं निधन झालं.

आज उपचार काय?

फक्त गाठ असेल, तर अनेकदा निरीक्षण पुरतं. तळहात टेबलावर सपाट टेकत नसेल, तर हाताच्या सर्जनला दाखवावं. आजही पट्टा सुईनं तोडला जातो किंवा शस्त्रक्रियेनं काढला जातो. तो पुन्हा येऊ शकतो, ही अडचण मात्र जवळपास दोनशे वर्षांनंतरही सुटलेली नाही.