पत्रादेवीपलीकडचा गणिती

बांद्याहून निघालात की पत्रादेवीचा नाका लागतो आणि तिथून गोवा सुरू. तुमच्यातले कितीतरी जण कामाला, कॉलेजला किंवा नुसतं फिरायला हा नाका ओलांडतात. त्या पलीकडच्या गोव्यात, कोसबे नावाच्या गावी, ३१ जुलै १९०७ ला दामोदर धर्मानंद कोसंबी जन्मले. इतिहास घेतला असेल तर हे नाव तुम्ही ऐकलं असेल. पण पायथनमध्ये कधी पीसीए चालवलं असेल, तर त्यांच्या गणिताच्या अगदी दारातून तुम्ही गेला आहात, आणि बहुधा तुम्हाला ते कोणी सांगितलेलं नाही.

वडील धर्मानंद हे बौद्ध धर्माच्या ओढीने घर सोडून नेपाळ, श्रीलंकेपर्यंत गेलेले पाली पंडित. त्यांना हार्वर्डमध्ये काम मिळालं आणि १९१८ मध्ये अकरा वर्षांचा दामोदर त्यांच्याबरोबर अमेरिकेला गेला. १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी, तीही सर्वोच्च श्रेणीत. मग बनारस, मग अलीगढ. तिथे फ्रेंच गणिती आंद्रे वेल यांची संगत लाभली आणि दोघांनी मिळून एक भन्नाट खोडी काढली. १९३१ मध्ये कोसंबींनी एक पेपर छापला, त्यात बूर्बाकी नावाच्या एका रशियन गणितीच्या प्रमेयाचा आधार घेतला. असा माणूस अस्तित्वातच नव्हता! पुढे वेल आणि मित्रांनी याच नावाने अख्खा गट काढला आणि गणितातली जाडजूड पुस्तकं लिहिली. आज असं केलं तर गाइड काय म्हणतील, विचार करा.

१९३३ पासून बारा वर्षं ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकवत होते. आपल्या कामाची गोष्ट इथलीच आहे. १९४३ मध्ये त्यांनी भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात एक पेपर दिला. विषय अवघड वाटतो, पण आपल्याकडचा पाऊस घेतला की सोपा होतो.

समजा, तुमच्याकडे सावंतवाडीच्या पन्नास वर्षांच्या पावसाचे आलेख आहेत. प्रत्येक वर्षाचे ३६५ आकडे. एवढं लक्षात कोण ठेवणार? इंजिनीअरिंगवाले म्हणतील, साइन-कोसाइनच्या लाटांमध्ये फोडू. म्हणजे मोजपट्टी आधी ठरवायची आणि पाऊस तिच्यावर बसवायचा. कोसंबींनी उलटं केलं. आलेखांनाच विचारायचं, की तुमच्यात जो फरक आहे, त्यातला सर्वांत जास्त कुठल्या एका आकारात सापडतो? तो पहिला. उरलेल्या फरकासाठी दुसरा, मग तिसरा. पहिला आकार कदाचित एकूण कमी-जास्त पाऊस सांगेल, दुसरा लवकर किंवा उशिरा आलेला मृग. मग प्रत्येक वर्ष चार-पाच आकड्यांत मावतं. तेवढ्याच संख्येचे दुसरे कुठलेही आकार घ्या, सरासरी चूक याहून कमी होत नाही. मोजपट्टी माहितीतूनच निघते, माहिती बदलली की तीही बदलते. मोजक्या आकड्यांसाठी असं काम पिअर्सन आणि होटेलिंग यांनी आधी केलं होतं. कोसंबींनी ते सलग आलेखांपर्यंत नेलं.

आता याचा शोध घेणाऱ्या अल्गोरिदमशी काय संबंध? दाट धुक्यात तेरेखोलच्या खोऱ्यात उभे आहात आणि सर्वांत खोल जागा शोधायची आहे. फक्त उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम चालायचं ठरवलंत आणि खोरं तिरकं असलं, तर नागमोडी चालून पाय मोडतील. शहाणा माणूस आतापर्यंतची कुठली पावलं फळली ते बघतो, आणि आपल्या दिशाच खोऱ्याच्या अंगाने वळवून घेतो. १९९६ मध्ये हान्सेन आणि ओस्टरमायर या दोघांनी मांडलेला सीएमए-ईएस हा अल्गोरिदम नेमकं हेच करतो. जमलेल्या प्रयत्नांमधला मुख्य फरक कुठल्या दिशेला आहे ते तो काढतो, अक्ष तसे फिरवतो, पावलाची लांबीही स्वतःच ठरवतो. तुम्ही सेटिंग करत बसायचं नाही. हा अल्गोरिदम कोसंबींचा नाही, आणि त्यांचा पेपर वाचून तो लिहिला असंही मी म्हणत नाही. पण अक्ष बाहेरून लादायचे नाहीत, ही दोघांतली कल्पना एकच आहे.

मला विचाराल तर त्यांची खरी कमाल नाण्यांत दिसते. चांदीची जुनी आहत नाणी घ्यायची आणि तराजूवर एकेक तोलायचं. हातोहात फिरून नाणं झिजतं, म्हणजे वजन हेच घड्याळ. झीज कशी होते ते कळावं म्हणून त्यांनी चलनातली आधुनिक नाणीही तोलली, अशी हजारो! राजांच्या याद्या बाजूला ठेवून त्यांनी नाण्यांनाच क्रम लावू दिला. १९४४ मध्ये जनुकांमधलं अंतर काढायचं एक सूत्रही दिलं. बायोलॉजीवाल्यांनो, तुमच्या पुस्तकातलं कोसंबी मॅप फंक्शन ते हेच.

१९४५ मध्ये होमी भाभांनी त्यांना टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावलं. पुण्याहून डेक्कन क्वीनने जाऊन-येऊन करायचे. १९४८-४९ मध्ये युनेस्कोच्या फेलोशिपवर गणकयंत्रं अभ्यासायला इंग्लंड-अमेरिकेला गेले. शेवट मात्र कडवट झाला. रीमान गृहीतक सोडवल्याचा दावा त्यांनी १९५९ मध्ये केला, तोही शेतीच्या संख्याशास्त्राच्या नियतकालिकात. तो टिकला नाही. १९६२ मध्ये संस्थेने करार वाढवला नाही. २९ जून १९६६ ला पुण्यात झोपेतच ते गेले, वय ५८.

१९४३ च्या त्या पेपरचं काय झालं? महायुद्ध सुरू होतं, नियतकालिक भारतातलं. तीच कल्पना काही वर्षांनी फिनलंडच्या कार्हुनेनने आणि फ्रान्सच्या लोएवने स्वतंत्रपणे मांडली आणि पाठ्यपुस्तकांत त्या दोघांचीच नावं बसली. अलीकडे काही पेपरांत कोसंबी-कार्हुनेन-लोएव असं पूर्ण नाव दिसतं. तुमच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये कुठलं लिहायचं, ते तुम्ही ठरवा.