थोर गणिती भास्कराचार्य

आमचे गाव इंदापूर तालुक्यात आहे. माझा दादा नववीत आहे. त्याला बीजगणित येईना. आप्पांना विचारावं तर त्यांची शाळा चौथीतच सुटलेली. दादा शाळा सोडतो म्हणाला. मला रडू आलं. मी गुरुजींना सांगितलं. गुरुजींनी मला भास्कराचार्यांची माहिती दिली. तीच येथे लिहिते.

भास्कराचार्यांचा जन्म सन १११४ मध्ये झाला. त्यांना त्यांचे वडील महेश्वर यांनीच शिकवले. वयाच्या ३६ व्या वर्षी त्यांनी सिद्धान्तशिरोमणी हा ग्रंथ लिहिला. त्याचे चार भाग आहेत. लीलावती, बीजगणित आणि दोन भाग ग्रहताऱ्यांचे. ग्रहाची त्या क्षणाची गती त्यांनी काढली. आमची ताई बारामतीला कॉलेजात कलन शिकते, त्याच्या जवळचाच हा विचार आहे.

बीजगणितात माहीत नसलेल्या संख्यांना ते काळा, निळा, पिवळा अशी रंगांची नावे देत. त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला. त्याचा सन १२०७ चा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणला आहे.

मग मी दादाला चिंचोके दिले. काळा आणि निळा मिळून १०. काळा ४ ने मोठा. ते ४ बाजूला काढले. उरले ६, त्याचे निम्मे ३. म्हंजे निळा ३ आणि काळा ७! आप्पांनी पण मोजून बघितलं. पुढची गणितं दादाने एकट्याने सोडवली. सोमवारी तो शाळेत गेला.

मुलांनो, गणित अडलं तर विचारायला लाजू नका.