धबधब्यावरचं घर

आरसीसी डिझाइनमध्ये माझी केटी लागली, त्याच आठवड्यात मी फ्रँक लॉईड राइटबद्दल वाचलं. 1867 मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात जन्मलेल्या या माणसाने कॉलेज डिग्री न घेताच सोडलं, हे वाचून खरं सांगते, फार बरं वाटलं! पुढे शिकागोत लुई सलिव्हनच्या हाताखाली तो घडला. घर जमिनीवर आणून ठेवल्यासारखं नको, तिथंच उगवल्यासारखं हवं, असं तो मानायचा.

1935 मध्ये, वयाच्या 68व्या वर्षी, त्याने पेनसिल्व्हेनियातल्या जंगलात कॉफमन कुटुंबासाठी ‘फॉलिंगवॉटर’ डिझाइन केलं. त्यांना वाटलं होतं, घरातून समोर धबधबा दिसेल. राइटने घरच धबधब्याच्या डोक्यावर बसवलं! भिंतींचा दगड तिथलाच. दिवाणखान्यात आलेला खडकसुद्धा न फोडता शेकोटीपुढे तसाच ठेवला.

पण पाण्यावर झेपावणाऱ्या त्या कॅन्टिलिव्हर गच्च्या? मालकाच्या इंजिनिअर्सनी शंका काढल्या, तर राइट भडकला. शेवटी त्याला न सांगताच जादा सळया घातल्या गेल्या. तरीही गच्च्या हळूहळू सुमारे 7 इंच वाकल्या. 2002 मध्ये पोस्ट-टेन्शनिंग करून त्यांना सावरावं लागलं.

राइट 1959 मध्ये वारला. 2019 मध्ये हे घर जागतिक वारसा यादीत गेलं. मित्रांनो, निसर्गाशी नातं जोडायला राइटची नजर हवी, हे खरंच. पण ते नातं टिकवायला डिफ्लेक्शनचं गणितही हवं. म्हणून केटीचा अभ्यास आता मी मनापासून करतेय!